नाण्याची पाठ

३ फेब्रुवारी

प्रिय आप्पा,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. चाळीस वर्षं ठोक्याच्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर कान तरी किती साथ देणार. वहिनी म्हणाल्या, "लिहूनच पाठवा, भावोजी. यांना काही सांगणं म्हणजे भिंतीला गोष्ट सांगणं."

काम तुझ्याच धंद्यातलं, नाणं पाडण्याचं आहे. मागच्या वर्षी नऊ एप्रिलला आमच्या अग्निशमन केंद्रातला एक जण आगीत गेला. तेव्हा तुला दोन ओळी कळवल्या होत्या. त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. शिडीवर चढला की खालच्यांना ओरडून सांगायचा, "सावकाश, पण थांबू नका." त्या दिवशी बंब मीच चालवत होतो. जाताना तो माझ्या शेजारच्या जागेवर होता. येताना ती जागा रिकामी होती. जास्त लिहवत नाही. आग कुठली, कुणाची, हे मी घरातही कधी बोललेलो नाही.

आमच्यात एक जण पूर्वी बंदरावरच्या दलात होता. त्याला आम्ही बंदरवालाच म्हणतो. तो सांगतो, तिकडे प्रत्येकाच्या खिशात दलाचं एक नाणं असतं. बाजारात चालणारं नाही, आपलं आपण पाडून घेतलेलं. चहाला बसलं की कुणीतरी आपलं नाणं टेबलावर ठेवतो आणि समोरच्यांनी आपापलं दाखवायचं. ज्याच्याकडे नसेल तो सगळ्यांना चहा पाजणार. खेळ पोरकट आहे, पण त्यामुळे नाणं कुणी घरी विसरत नाही. आम्हाला वाटलं, सावकाशच्या नावाचं असं नाणं काढावं. म्हणजे वर्दी येईल तेव्हा तो बरोबर असेल.

त्याची बायको शिवणकाम करते. आमचे गणवेश तिच्याचकडे दुरुस्तीला जातात, म्हणून ती सगळ्यांची टेलरबाई. तिला सन्मानपत्र आलं, ते तिने परत केलं. केंद्राचे साहेब चौकटीतला फोटो घेऊन गेले, तोही परत. "भिंतीवर टांगायला मला काही नको," म्हणाली. नाण्याचं मी भीतभीतच सांगितलं. मशीनवरचा तिचा पाय थांबला.

"कुठे ठेवणार ते?"

"खिशात."

"कुठल्या खिशात? वाकलात की पडेल. आतून, डाव्या बाजूला मी वेगळा खिसा शिवून देते. पण एक नाणं मलाही."

वर्षभरात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी शब्द दिला आहे की नऊ एप्रिलला नाणं तिच्या हातात पडेल. आम्ही तेवीस आणि ती एक, अशी चोवीस नाणी. तोंडावर त्याचं हेल्मेट हवं, बाजूला त्याचं वाक्य आणि ती तारीख, पाठीवर आपल्या केंद्राचं चित्र, सगळं रंगीत. खर्च किती येईल ते कळव. घरचा म्हणून सूट देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

प्रिय बंब्या,

तू पन्नाशीला आलास तरी मी तुला बंब्याच म्हणणार, त्याला इलाज नाही.

खर्चाचा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घडी घातली आहे. आधी बस, मग उघड.

उघडलीस? आता श्वास घे आणि पुढचं वाच. लोकांना वाटतं नाणं म्हणजे पितळेचा तुकडा, त्याचं वजन करा आणि पैसे सांगा. पितळ यात सगळ्यात स्वस्त. खरा खर्च साच्याचा, म्हणजे आम्ही डाय म्हणतो त्याचा. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटं आणि खोल कोरायचं, मग तो ठोकळा तापवून कडक करायचा. त्यात तडा गेला की पहिल्यापासून सुरुवात. नाण्याला तोंड आणि पाठ अशा दोन बाजू, म्हणून साचे दोन. एक नाणं काढलं काय किंवा हजार काढली काय, साच्याची मजुरी तेवढीच. तुम्हाला एका माणसाला सोडवायला जायचं असलं तरी बंब अख्खाच बाहेर काढावा लागतो ना? तसंच हे. हजार नाण्यांत साच्याचा खर्च विरून जातो. चोवीसांत तो प्रत्येकाच्या उरावर बसतो.

वर तुला रंग हवेत. प्रत्येक रंग हाताने भरायचा, भाजायचा, घासायचा. अक्षरांचे वेगळे, मुलाम्याचे वेगळे. सूट नको म्हणालास म्हणून दिलेली नाही. म्हटलं बघू, किती मानी झालाय.

घरात सगळ्यांना आशीर्वाद.

आप्पा

१७ फेब्रुवारी

प्रिय आप्पा,

चिठ्ठी बसूनच उघडली ते बरं झालं. माझे तीन पगार. मला वाटलं तू एक शून्य जास्त लिहिलंस. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, शून्य तिथेच होतं.

केंद्रात चिठ्ठी फिरवली. बंदरवाला म्हणाला, "यात सोनं घालतो का तुमचा भाऊ?"

साहेब म्हणाले, "कागदावर छापून घ्या, वरून प्लास्टिक घाला. भावना महत्त्वाची."

"आणि टेलरबाईंनी शिवलेल्या खिशात प्लास्टिक ठेवायचं का, साहेब?" मी म्हटलं.

खिसे तर शिवून आलेले आहेत. मी तिला म्हटलं होतं, घाई करू नका, नाण्याचं अजून नक्की नाही. तरी तिने आठवड्यात सगळे गणवेश उसवून शिवून दिले. आतल्या बाजूने, दुहेरी कापडाचे, वर पट्टी. परवा मी गणवेश घातला आणि सवयीने हात छातीशी गेला. रिकाम्या खिशाला असं वजन असतं हे मला माहीत नव्हतं.

वर्गणी काढली आहे, पण ती सगळी मिळून तुझ्या आकड्याच्या निम्म्याला येते. आता तूच सांग काय काय सोडायचं. रंग नकोत. मुलामा नको. पितळ ते पितळ, खिशात राहून आपोआप चकाकेल. हेल्मेटला मात्र हात लावू नकोस. डाव्या बाजूला एक पोचा आहे, तो तसाच यायला हवा. सोबत फोटो आहे. आणि त्याचं वाक्य.

तारीख पुढे ढकलता येणार नाही. देवाच्या मनात असेल तर जमेल, असं मी सगळ्यांना सांगून बसलो आहे. आता देवाचं मन तुझ्या हातात.

धाकटा

२४ फेब्रुवारी

प्रिय बंब्या,

देवाचं नाव घेऊन माझ्याकडून कामं काढायची तुझी जुनी खोड. बरं, ऐक.

रंग आणि मुलामा गेला. तरी दोन साच्यांचा खर्च राहतोच. तोंडाचा साचा मी नवा कोरतो, पोचा मोजून मापून. पाठीवर केंद्राचं चित्र सोडून दे. माझ्याकडे रॅकवर एक तयार पाठ पडून आहे. ज्यांचा साचा होता त्यांचं काम झालं आणि ते म्हणाले, टाकून द्या. पोलाद चांगलं होतं म्हणून मी टाकला नाही. दोरखंडाची गोल किनार, मधे ओंजळ. खाली थोडी अक्षरं होती, ती वेल्डिंगने भरून सपाट केली की कुणाचीही पाठ होते. ओंजळीत पाणी आहे असं समज. आगवाल्यांना याहून चांगलं काय मिळणार?

हिशेब आता तुमच्या वर्गणीत बसतो. सूट दिलेली नाही, साचा वाचवला आहे. यात फरक आहे, तुझ्या मानी लोकांना समजावून सांग.

तोंडाचा नमुना शिशात मारून पाठवतो. पाठीचा नमुना मारायला मशीन पुन्हा लावावं लागेल आणि तो दिवस तुझ्या खात्यावर पडेल. ओंजळ ती ओंजळ, त्यात बघायचं काय? फक्त नाणी आली की पाठ नीट बघ आणि हात कुणाचे आहेत ते ओळख. ओळखलंस तर मी चहा पाजीन.

आप्पा

५ मार्च

प्रिय आप्पा,

शिशाचा नमुना मिळाला. मी तो आधी कुणालाच दाखवला नाही, खिशात घालून एक दिवस फिरलो. मग टेलरबाईंकडे नेला. तिने हातातला कपडा बाजूला ठेवला आणि हेल्मेटवरून अंगठा फिरवला. पोच्याशी अंगठा थांबला.

"हा कधी पडला?"

"आधीच्या पावसाळ्यात. झाडाची फांदी पडली होती."

"मला म्हणाले होते, बदलून घेणार आहे."

"आम्हालाही तसंच म्हणायचा."

ती थोडं हसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुमच्या भावाचा हात चांगला आहे. सांगा त्यांना."

ओंजळीचं मी सगळ्यांना सांगितलं. मला स्वतःला ती फार मनाला लागली. बंब काढताना मी दरवेळी देवाचं नाव घेतो, आणि मागायला दोन्ही हात पुढे करावेत तर हात स्टिअरिंगवर अडकलेले. आता छातीशी कायमची एक ओंजळ असेल. साचा कुणाचा का असेना, टाकलेल्या वस्तूला तू चांगल्या कामाला लावलंस. हात ओळखायची पैज मान्य.

धाकटा

२८ मार्च

आप्पा,

पेटी आली. साहेबांच्या टेबलावर सगळ्यांसमोर उघडली. तोंड बघून सगळ्यांनी हात जोडले. मग मी नाणं उलटं केलं.

हात ओळखले. डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. याच हाताने धरून तू मला नदीत पोहायला शिकवलंस. मी ते कसे विसरीन?

पण हे हात मी मधे एकदा पाहिले आहेत, आणि तेव्हा ओळखले नव्हते.

त्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा कंपनीचं गेट बंद होतं. रखवालदार किल्ली शोधत होता. आतून धूर येत होता आणि माणसं ओरडत होती. मी बंब गेटवर घातला. घालताना वर नजर गेली. कमानीवर दोन मोठे लोखंडी हात होते, ओंजळीसारखे, भोवती दोरखंड. गेट तुटलं तशी कमान वाकली आणि ते हात आमच्यावर झुकले. त्या क्षणी मला वाटलं, हे कुठेतरी पाहिलंय, कुणाचे तरी ओळखीचे आहेत. शेजारी सावकाश बसला होता. तोही वर बघत होता.

चार जणांना त्याने बाहेर काढलं. पाचव्यासाठी आत गेला तेव्हा छप्पर खाली आलं. मागच्या दाराला साखळी होती.

आप्पा, त्याच्या हेल्मेटच्या मागे त्याच गेटचे हात आहेत. चोवीस वेळा.

तो साचा कुणाचा होता?

धाकटा

१ एप्रिल

बंब्या,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि मशीन बंद करायला सांगितलं. कामावरच्या पोरींना वाटलं वीज गेली. वहिनींनी ताट वाढलं होतं, ते तसंच झाकून ठेवलं.

साबणाची कंपनी होती. तीच असणार, दुसरी कुठली असेल? तू कधी नाव लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुला माझं हे म्हणणं खरं वाटतंय ना, ते मला ताबडतोब कळव.

सगळं सांगतो. गेल्या वर्षाच्या आधीच्या डिसेंबरात त्यांचा मॅनेजर माझ्याकडे आला. कामगारांना द्यायला हजार बिल्ले हवे होते, जाड, दोन्ही बाजूंनी, चार रंग, वर सोन्याचा मुलामा. मी दराचा कागद पुढे केला तर म्हणाला, "दर राहू दे, माल झळकला पाहिजे." असं गिऱ्हाईक जन्मात दोनदा भेटत नाही, म्हणून तो माझ्या पक्का लक्षात आहे. पाठीवर काय हवं विचारलं तर म्हणाला, "सांभाळणारे हात." आमच्याकडे नमुन्याला कुणी नव्हतं. मी आरशासमोर उभा राहून माझेच हात धरले आणि कोरले. करंगळी पुरी करता आली असती. म्हटलं, कामगारांना द्यायचंय, कामगाराचाच हात असू दे.

जानेवारीत माल गेला. ते चित्र मोठं करून गेटवर लावणार असंही म्हणाले होते. मी ते ऐकून घरी येऊन बढाई मारली होती, वहिनींना विचार.

आता जे लिहितोय ते वाचायच्या आधी पुन्हा बस. हातांच्या खाली अक्षरं होती, ती मी वेल्डिंगने भरली असं तुला कळवलं होतं. ती होती 'सुरक्षित वर्ष'. वर्षभरात एकही अपघात नाही, म्हणून ते बिल्ले होते. आग लागायच्या जेमतेम तीन महिने आधी वाटले.

माझ्या हाताने कोरलं आणि माझ्याच हाताने तुझ्या माणसाच्या पाठीवर मारलं. नवा साचा मी फुकट करून देतो, पण पोलाद कडक व्हायला दिवस लागतात आणि नऊ तारीख तोंडावर आहे. दुसरा मार्ग एकच. नाणी परत पाठव. मी एकेकाची पाठ घासून कोरी करतो. थोडी पातळ होतील. हे काम पोरींना देणार नाही, मी स्वतः बसतो. टेलरबाईंना काही सांगू नकोस. त्यांना काय कळणार आहे?

आप्पा

४ एप्रिल

प्रिय आप्पा,

तुझं म्हणणं खरं आहे. मला ते तू लिहायच्या आधीच माहीत होतं. मी त्या कंपनीचं नाव एकदा लिहिलं असतं तर तू साच्याला हात लावला नसतास. माझ्या न बोलण्याचाही यात वाटा आहे.

पण तुझ्या पत्रातलं मॅनेजरचं 'दर राहू दे' माझ्या डोक्यातून जाईना. चौकशीला मी साक्षीला गेलो होतो. तिथे तोच मॅनेजर उभा होता. विचारलं, धोक्याची घंटा का वाजली नाही. तो शांतपणे म्हणाला, "घंटा वर्षभर बंद होती हे खरं. दुरुस्तीचा खर्च त्या वर्षी बसत नव्हता." मी ते ऐकून घेतलं. मनात म्हटलं, मोठ्या कारखान्याची घंटा, खर्च मोठाच असेल, आपल्याला काय कळतंय. मला आकड्यांची भीतीच वाटते. काल आमच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, तशी घंटा दुरुस्त करायला किती येतं. त्याने सांगितलं. मी तुझी पहिली चिठ्ठी काढली आणि तिच्यावर साचा सोडून एका नाण्याचा जो दर आहे त्याने भागाकार केला. तीस बिल्ले, आप्पा. त्यांनी हजार काढले. तीस कमी काढले असते तर घंटा वाजली असती आणि सावकाशला आत जावंच लागलं नसतं.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, पाणी देऊ का?" मी कसा दिसत होतो कोण जाणे.

टेलरबाईंना सांगणार नव्हतो. पण ती दुरुस्तीला दिलेले दोन गणवेश घेऊन आली आणि पेटी उघडी होती. तिने एक नाणं उचललं, हेल्मेट बघितलं आणि उलटलं. मला वाटलं, एवढ्या बारीक चित्रात तिला काय ओळखू येणार. ती म्हणाली, "हे त्या गेटवरचे हात आहेत." दर रविवारी ती तिथे जाऊन उभी राहते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. तुझा साचा, तुझी करंगळी, भरलेली अक्षरं, घंटा, तीस बिल्ले. ती बाकावर बसली. बंदरवाला पाणी घेऊन आला, ते तिने घेतलं नाही. मग तिने विचारलं,

"तुमच्या भावाला माहीत होतं?"

"नाही."

"मग त्यांना सांगा, बोटाचं वाईट वाटून घेऊ नका." आणि मग, "तेवीस घासून आणा. माझं आहे तसं राहू दे."

"बाई, ते कशाला खिशात ठेवता?" मी म्हटलं.

"बंदरवाले, तुमच्या नाण्याचा नियम काय होता? टेबलावर ठेवलं की?"

"समोरच्याने आपलं दाखवायचं."

"एवढंच विचारायचं होतं," म्हणाली, आणि गणवेशाचा राहिलेला दोरा दाताने तोडला.

नाणी सोबत पाठवतो आहे. तेवीस.

धाकटा

१६ एप्रिल

प्रिय आप्पा,

घासलेली नाणी आठ तारखेला पोचली. पाठ अशी गुळगुळीत आहे की तिच्यात तोंड दिसतं. सगळ्यांनी आपापल्या खिशात ठेवली. कार्यक्रम म्हणावा असं काही झालं नाही. उभं राहिलो, डोळे मिटले, इतकंच. मी देवाकडे काही मागितलं नाही, त्या दिवशी सुचलंच नाही.

त्यानंतर टेलरबाई मला म्हणाली, "तुम्ही बरोबर याल का? बोलायचं काही नाही, फक्त या."

कंपनीचं ऑफिस आता दुसऱ्या इमारतीत आहे. काचेचं दार, जमीन अशी पुसलेली की चप्पल वाजायची लाज वाटावी. मॅनेजर तिला ओळखत नव्हता. तिने नाव सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, म्हणाला, "बसा, बसा. चहा मागवतो."

तिने स्वतःसाठीही शिवलेल्या तशाच आतल्या खिशातून नाणं काढलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. पाठ वर.

"तुमचं दाखवा," म्हणाली.

त्याला वाटलं, तिच्या हाती कंपनीचाच बिल्ला लागला आहे. चेहरा जरा सैल झाला. मागच्या काचेच्या कपाटातून त्याने आपला काढला आणि शेजारी ठेवला. आप्पा, तुझं काम मी पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. चार रंग, सोनेरी किनार, तेच हात, तीच करंगळी, आणि खाली ती दोन शब्दांची ओळ. झळकत होतं हे खरं.

"आमचाच आहे," तो म्हणाला, "पण याला रंग कसा नाही?"

तिने आपलं नाणं उलटं केलं.

तो वाकून बघत राहिला. हेल्मेट, पोचा, तारीख. मग वर तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली. त्याच्या हातात त्याचा बिल्ला होता आणि त्याचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरत होता, पुढे मागे, जणू तो ती पुसायला बघत होता आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. टेलरबाई म्हणाली, "चहा ज्याच्याकडे नाणं नसतं त्याने पाजायचा असतो. तुमच्याकडे आहे. मग तुम्ही काय द्यायचं, ते नियमात नाही. तुम्हीच ठरवा."

आवाज चढवला नाही. नाणं उचललं, खिशात ठेवलं, पट्टी लावली. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर ती पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. चहा मात्र नंतर मी पाजला. नाणं माझ्या खिशात असूनही.

धाकटा

२७ एप्रिल

प्रिय बंब्या,

तो साचा मी घणाखाली घातला. चांगल्या पोलादाचा होता, पहिल्या दोन घावांना दाद दिली नाही. तिसऱ्याला करंगळीपासून फुटला.

आज दुकानात एक पत्र आलं. मॅनेजरचं, सहीचं, स्वतःच्या अक्षरातलं. वाटलेले सगळे बिल्ले कामगारांकडून परत मागवायचं त्यांनी ठरवलं आहे. हजारच्या हजार. पाठ घासून कोरी करून द्याल का, असं विचारतो. आणि खाली लिहितो, खर्च किती येईल ते कृपया कळवावे.

बंब्या, हा तोच माणूस. मागच्या वेळी मी दराचा कागद पुढे केला तर त्याने तो बघितला नव्हता. आज पहिल्यांदा विचारतो आहे.

दर मला पाठ आहे. एका नाण्याला किती वेळ, घासायची किती पट्टी, किती वीज, झोपेतून उठवलंस तरी सांगीन. दोनदा लिहायला बसलो. चाळीस वर्षांत कुणाला आकडा सांगताना हात असा अडला नव्हता. हजार पाठी कोऱ्या केल्या तर त्यांना सोपं होईल की जड जाईल, हेही मला ठरवता येत नाही. घासलं तर माझे हात त्यांच्याकडून सुटतात. नाही घासलं तर ती अक्षरं हजार घरांत राहतात, आणि राहावीत असंही एक मन म्हणतं.

हे ठरवायचा अधिकार माझा नाही. टेलरबाईंना विचार. त्या म्हणतील तो आकडा मी टाकीन, मग तो एका घंटेचा असो की अख्ख्या कारखान्याचा. "घासू नका" म्हणाल्या तर मशीनवर कापड टाकीन.

उत्तर लिहून ठेवलं आहे. आकड्याची जागा तेवढी मोकळी आहे.

आप्पा